पाणी मिळालं, आता ब्रश भिजवा

(कोल्हापुरातल्या एका युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललं गेलं तसंच छापलं आहे.)



शिबिराचा कागद सकाळी हातात पडला. त्यावरचे विषय वाचले. जात आणि वर्ग. शिक्षणाचं खाजगीकरण. ॲट्रॉसिटीचा कायदा आणि पोलीस ठाणं. आणि सगळ्यात खाली, जेवणानंतरच्या पेंगेच्या टायमाला, माझा विषय: जलरंग. मागच्या रांगेतले दोघे हसले ते मला इथून दिसलं. हसा. मीही तुमच्या जागी असतो तर हसलो असतो. घर पेटलेलं आणि हा गडी आम्हाला फुलं काढायला शिकवणार!

शिकवणार आहे. पण फुलाच्या आधी पाण्याचं बोलू.

जलरंग म्हणजे काय? रंगाची बारीक भुकटी, तिला धरून ठेवायला डिंक, आणि ते कालवायला पाणी. संपलं. तैलरंगाला तेल लागतं, ते दुकानात मिळतं. या रंगाला पाणी लागतं. आणि या देशात पाण्याइतकी जात पाळणारी वस्तू दुसरी कुठली होती ते मला सांगा. भाकरी तरी शिळी का होईना उंबऱ्याबाहेर मिळायची. पाणी वरून ओतलं तरच ओंजळीत. विहीर वेगळी, घाट वेगळा, नदीची वरची धार त्यांची, खालची आमची.

हे लांबचं नाही. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचा सरकारी पागेतला नोकर सवर्णांच्या हौदाला शिवला म्हणून त्याला चाबकानं फोडून काढला. शाहू महाराज बाहेरगावी होते. परत आल्यावर महाराजांनी त्याला भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. हॉटेलचं नाव सत्यसुधारक. आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले, बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही प्यायला लावला. पाण्याला शिवला म्हणून ज्याला मारलं, त्याच्याच हातचं पाणी राजानं भर रस्त्यात घेतलं. याला म्हणतात उत्तर.

मग महाड. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी. तळं बाटलं म्हणून त्यांनी ते शेणा-गोमुत्रानं शुद्ध केलं आणि वर कोर्टात गेले. तो खटला १९३७ पर्यंत चालला. दहा वर्षं! ओंजळभर पाण्यासाठी. पुढं संविधान लिहिताना १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट ही नावं घेऊन लिहावं लागलं. जगातल्या किती देशांच्या घटनेत विहीर आहे, शोधून बघा.

तर असं हे पाणी. ते आज तुमच्या घरी नळाला येतं. दोन दिवसांआड येतं, बारीक धारेनं येतं, पण येतं. त्यातलं अर्धा पेला बाजूला काढायचं आणि त्यात ब्रश बुडवायचा. माझी आजी हे बघती तर म्हणाली असती, अरे, पाण्याशी खेळतोस काय? होय आजी, खेळतो. ज्या पाण्याला शिवायची बंदी होती त्याच्याशी खेळता येणं हे मला साधं वाटत नाही.

आता तुमचा दुसरा आक्षेप. तो मी तुमच्या तोंडावरून वाचलाय. चित्रानं अत्याचार थांबतो का? नाही थांबत. त्याला एफआयआर लागतो, १९८९ चा कायदा लागतो, साक्षीदार लागतात, वकील लागतो, रस्त्यावर माणसं लागतात. चित्राला हे काम देऊ नका, त्याच्यानं ते होणार नाही. पण साक्षीदार कशानं बनतो? बघितल्यानं. घर जळालं त्या रात्री दार आतून बंद होतं की बाहेरून, कंदील कुठं होता, माणूस कुठं उभा होता. पंचनाम्याला जागेचा कच्चा नकाशा जोडतात. तो नकाशा कोण काढतं? तुम्ही काढत नाही म्हणून हवालदार काढतो. आणि हवालदाराच्या नकाशात पाटलाचं घर नेमकं कागदाच्या बाहेर राहतं. ज्यानं वर्षभर वस्तू बघून कागदावर उतरवली आहे त्याचा डोळा असा फसत नाही. चित्रकला ही पहिल्यांदा बघायची तालीम आहे. हात नंतर.

आणि सौंदर्य ही भरल्या पोटाची, वरच्या जातीची चैन आहे असं जे आपल्यातले काही कडवे मित्र म्हणतात, त्यांना माझा एकच प्रश्न आहे. बाबासाहेब कोणत्या जातीचे होते? उतारवयात, तब्येत खचलेली, डोळ्यांचा त्रास, अंगावर देशाचं आणि समाजाचं ओझं, अशा वेळी हा माणूस ब्रश हातात धरून चित्र काढायला शिकत होता. व्हायोलिन शिकत होता. त्यांना चैन करायला वेळ होता असं तुम्हाला वाटतं? त्यांना डोळे उघडे असलेला बुद्ध हवा होता, तसा त्यांनी रंगवलाही. आपण बघतो तो बुद्ध बहुधा डोळे मिटून बसलेला. बाबासाहेबांना तो बघणारा पाहिजे होता. माझ्या लेखी आपल्या चळवळीचं सौंदर्यशास्त्र एवढ्यात आलं. डोळे उघडे.

आणि हा बिंदू चौक. तुम्ही रोज तिथून जाता. ९ डिसेंबर १९५० ला तिथं फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसला. बाबासाहेब हयात असताना. तो बसवणारे भाई माधवराव बागल. सत्यशोधक, प्रजा परिषदेचे पुढारी, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला चित्रकार होता हे किती जणांना ठाऊक आहे? कोल्हापूरच्या कलावंतांवर त्यांनीच पुस्तक लिहिलं. शरद पाटलांचं 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' आपण वाचतो, त्यावर भांडतो. तेही तरुणपणी चित्रकला शिकायला गेले होते आणि ती सोडून चळवळीत उतरले. तेव्हा ब्रश आणि झेंडा यांचं वैर आहे ही अफवा कुणी पसरवली ते शोधा. आपण नाही पसरवली.

बाहेरचं बघा. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटनेला नाव दिलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. त्या ब्लॅक पँथर पक्षात एमरी डग्लस नावाचा चित्रकार होता. तो पक्षाचा सांस्कृतिक मंत्री. जाहिरातीची चित्रकला शिकलेला पोरगा. पक्षाचं वर्तमानपत्र त्यानं आपल्या चित्रांनी भरून काढलं. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही तो पेपर घ्यायचे. काय काढायचा? झोपडपट्टीतल्या म्हाताऱ्या, उंदीर, भुकेली पोरं, आणि ताठ मानेच्या बाया. त्याच्या आधीचा जेकब लॉरेन्स. हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या कलावर्गात शिकला. १९४०-४१ मध्ये त्यानं दक्षिणेकडून उत्तरेला पोटासाठी निघालेल्या काळ्या माणसांची ६० चित्रं केली. पाण्यात कालवलेला साधा टेम्पेरा रंग. गंमत म्हणजे तो एक रंग घ्यायचा आणि साठही फळ्यांवर जिथं जिथं तो लागणार तिथं लावत जायचा, मग दुसरा रंग. म्हणून साठ चित्रं एकाच दमात बोलल्यासारखी वाटतात. आपली माणसं मुंबईला गिरण्यांत गेली, गोदीत गेली, इचलकरंजीला मागावर गेली. त्यांची साठ चित्रं कुठं आहेत?

आपल्याकडं कुणीच नाही असं नाही. नागपूरचे सवी सावरकर आहेत. त्यांनी गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य चितारला, देवदासी चितारली, आणि ती चित्रं बघताना नजर खाली घालायची सोय ठेवली नाही. पण एका माणसावर किती दिवस भागवायचं?

आता आपल्या गावाकडं या. कोल्हापूर कलापूर म्हणून मिरवतं. मिरवू द्या, कारण त्या मिरवण्यात आपल्या कामाची एक गोष्ट दडलीय. इथली चित्रकला उभी केली ती कुणी? आबालाल रहिमान. एक मुसलमान. १८८० च्या दशकात जे. जे. त शिकून आलेला. पंचगंगा, रंकाळा, कोटितीर्थ इथली झाडं, पाणी, ऊन त्यानं रंगवलं. शाहू महाराजांनी आश्रय दिला. महाराज १९२२ ला गेले, आश्रय गेला, आणि आबालाल १९३१ ला हलाखीत गेला. दुसरा बाबूराव पेंटर. मिस्त्रीकाम करणाऱ्या घरातला, शाळेत चित्रकला न शिकलेला. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमापर्यंत गेला, आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. त्याचं आडनावच धंद्यावरून पडलं. पेंटर! हाताच्या कामाची ज्या देशात लाज वाटते त्या देशात हे आडनाव म्हणून मिरवलं गेलं.

मीही पेंटरच. पोटाचा धंदा बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आलं आणि आमचा धंदा गेला, ते रडगाणं गात नाही. पण फ्लेक्सनं एक केलं. पूर्वी १४ एप्रिलला चौकाचौकात बाबासाहेब रंगवले जायचे. प्रत्येक वस्तीचे बाबासाहेब थोडे वेगळे. कुठं जरा सावळे, कुठं चष्मा मोठा, कुठं आमच्या पेंटरच्या वडिलांसारखे दिसणारे. आज एकच फोटो सगळीकडं, आणि त्याच्याखाली बावीस इच्छुक उमेदवारांची मुंडकी. छापलेला बाप कुणी बघत नाही. रंगवायचा तर त्याच्या कपाळाकडं चार तास बघावं लागतं.

तर मी रविवारी वस्तीतल्या पोरांना जलरंग शिकवतो. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ग्रेड परीक्षा तुम्ही ऐकल्यात. त्यात स्मरणचित्र असतं, म्हणजे समोर काही नसताना आठवून काढायचं. बाजार, जत्रा, बसस्टॉप, पाणवठा. एका रविवारी मी विषय दिला: पाणवठा. सगळ्यांनी काढलं तेच. मधे विहीर, भोवती बायका, डोक्यावर घागरी, मागं डोंगर, दोन डोंगरांच्या मधे सूर्य. एका आठवीतल्या मुलीनं विहीर कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ढकलली. तिथं बायकांची गर्दी. मग मोठा मोकळा कागद. आणि डाव्या टोकाला एक बाई, रिकामी घागर जमिनीवर ठेवून उभी. माझ्याबरोबर एक जाणते गृहस्थ होते. ते म्हणाले, रचना फसली, मधली जागा रिकामी पडली. मी पोरीला विचारलं, मधे काय आहे गं? ती म्हणाली, ''काय नाही. आजी म्हणती तिथनं पुढं जायचं नव्हतं.''

दोस्तांनो, त्या मोकळ्या जागेला रंग लावायचा नसतो. ती जागा रंगवायला आपले कवी पन्नास वर्षं झगडले. त्या पोरीनं कागद कोरा ठेवून ती दाखवली. गावाची चित्रं कॅलेंडरावर हजार बघितली असतील तुम्ही. देऊळ, पिंपळ, पार, नदी. त्यात महारवाडा कधी बघितलाय? मांगवाडा? ढोरवाडा? वेशीच्या आत उभं राहून काढलेलं चित्र आहे ते. चित्र काढणारा कुठं उभा होता हे चित्रातच लिहिलेलं असतं. आपण उभे होतो तिथून गाव कसं दिसतं, ते अजून कागदावर यायचंय. हे काम दुसरा कुणी करणार नाही.

आता कामाचं बोलतो. वह्या काढा.

सामान. फार लागत नाही. तीन रंग: एक पिवळा, एक लाल, एक निळा. चोवीस रंगांची पेटी बघून जीव पाखडू नका. पेटीत हिरवा असला की माणूस झाड हिरवं रंगवतो. पेटीत हिरवा नसला की त्याला झाडाकडं बघावं लागतं. चौथा घ्यायचाच तर बर्न्ट सिएना घ्या, म्हणजे भाजलेली माती. तो आणि अल्ट्रामरीन निळा एकत्र करा. जो करडा येतो तसा करडा कुठल्या पेटीत विकत मिळत नाही. कोल्हापूरचा जुलै सगळा त्यात येतो. ब्रश दोन, एक जाड गोल, एक बारीक. कागद मात्र जाड घ्या. पातळ कागद पाणी पडलं की फुगतो आणि रंग खळग्यात साचतो. जाड परवडत नसेल तर कागद ओला करून फळीवर चारी कडांनी कागदी चिकटपट्टीनं ताणून बसवा, वाळला की ढोलासारखा ताठ होतो. आणि पेले दोन. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी रंगासाठी. एवढ्या एका ठिकाणी दोन पाणवठे चालतात, कारण दोन्हीत तोच ब्रश जातो.

पहिला धडा: सपाट वॉश. फळी जरा तिरकी धरा. भरपूर रंग एका वाटीत आधीच कालवून ठेवा, मधे कमी पडला तर गेलं काम. वरच्या कडेला आडवा पट्टा ओढा. खाली रंगाच्या पाण्याची ओळ साचेल. दुसरा पट्टा त्या ओळीला धरून. पाणी स्वतः खाली येतं, तुम्ही फक्त वाट दाखवायची. शेवटी उरलेला थेंब पिळलेल्या ब्रशनं टिपायचा. मग हात मागं. वाळेपर्यंत शिवायचं नाही. नवशिक्याची खोड अशी की अर्धवट वाळलेल्यात परत ब्रश घालतो, आणि फुलकोबीसारखा डाग पडतो.

दुसरा धडा: ओल्यावर ओलं. कागद आधी पाण्यानं भिजवायचा आणि त्यावर रंग सोडायचा. तो पसरतो, कुणाचं ऐकत नाही. पावसाळी आभाळाला हेच. आपल्याकडं जुलैत कागद लवकर वाळत नाही, तेव्हा धीर धरा. एप्रिलात ब्रश उचलायच्या आत वाळतो, तेव्हा कागद आधी भिजवून घ्या. रंग वाळला की एक पायरी फिका होतो, म्हणून लावताना वाटतो त्यापेक्षा जरा गडद लावा.

तिसरा धडा: उजेडाकडून अंधाराकडं. आधी फिके रंग, ते वाळले की त्यावर गडद. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतो. पांढरा म्हणजे कोरा कागद. उन्हात चमकणारी पत्र्याची कड, बाईच्या घागरीवरचा उजेड, हे आधी ठरवून राखावं लागतं, भोवतीनं रंगवावं लागतं. एकदा झाकलं की गेलं. मागून पांढरा फासून उजेड आणता येत नाही.

आता त्या रंगांची जात काढू. निळा घ्या, आपला निळा. अल्ट्रामरीन म्हणजे समुद्रापलीकडचा. पूर्वी तो अफगाणिस्तानातल्या खाणीतल्या दगडापासून करायचे, आणि युरोपात तो इतका महाग की श्रीमंतांच्या पैशावर देवाच्या आईच्या वस्त्राला लावायचे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कारखान्यात करायची युक्ती निघाली आणि भाव कोसळला. मग काय झालं? तोच रंग कपड्याला घालायच्या निळीच्या पुडीत आला. तुमच्या आईनं ३१ डिसेंबरला भीमा कोरेगावला जायच्या आधी पांढऱ्या साडीला जी भुकटी नीळ दिली, तो राजांचा निळा. आमच्या भिंतीवर चुन्यात मिसळून लावला तोही तोच. पेटी आपल्या घरात आधीपासून होती: नीळ, गेरू, काजळी, चुना, हळद. फक्त हळदीवर विसंबू नका, उन्हात ती उडून जाते. गेरू आणि काजळी माणसापेक्षा जास्त टिकतात.

आणि डिंक. जलरंगातला डिंक येतो आफ्रिकेतल्या, विशेषतः सुदानमधल्या, बाभळीच्या भावकीतल्या झाडाचा. आमच्या बाभळीच्या सालीनं काय व्हायचं? कातडं कमावलं जायचं. बाभळीची साल आणि हिरडा, त्यात आठवडेच्या आठवडे कातडं मुरायचं, तेव्हा कोल्हापुरी चपलेला तो तांबूस-बदामी रंग चढायचा. त्या कुंडाच्या वासानं गाव नाक दाबून जायचा आणि ती चप्पल मात्र पायात घालून मिरवायचा. २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तिच्यासारखी चप्पल मिलानच्या रॅम्पवर आणली, आणि बोंब झाली तेव्हा कुठं कोल्हापूरचं नाव घेतलं. ढोराच्या आणि चांभाराच्या हातांनी त्या रंगाच्या छटा पिढ्यान्‌पिढ्या ओळखल्या. कुठल्या दिवशी कातडं काढायचं ते रंगावरून कळायचं. हा रंगाचा अभ्यास नव्हता? की कॉलेजात झाला तरच अभ्यास?

शेवटचं. पोरं विचारतात, सर, काढू काय? स्फूर्ती येत नाही. मला या शब्दाची चीड आहे. स्फूर्ती कमळावर बसून वीणा वाजवत येते हे त्यांनी सांगितलं आणि आपण वाट बघत बसलो. गटार उपसणारा स्फूर्तीची वाट बघत नाही, साडेचारला उठतो. त्यालाच काढा ना. पहाटेच्या करड्या रस्त्यावर त्याच्या जॅकेटचा एकच नारिंगी ठिपका. गुऱ्हाळात जा. काहिलीतला रस सुरुवातीला मळकट हिरवा असतो, मग पिवळा, मग मधासारखा, मग गूळ. दोनेक तासांत अख्खी रंगपेटी उकळते, आणि भट्टीत चिपाडं सारणाऱ्याचा चेहरा एका बाजूनं लाल. तालमीची माती बघा. बंद पडलेल्या शाहू मिलची चिमणी बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुराच्या रेषा अजून काही भिंतींवर आहेत. कुणाच्या घरात ती छातीएवढी, कुणाच्या घरात छपराच्या वर. एकाच नदीचं पाणी. पण सखल जागा कुणाच्या वाट्याला आल्या ते ती रेषा सांगते. ती रेषा पुसायच्या आत कागदावर घ्या. खाली तारीख आणि जागा लिहा.

आणि शिबिरातून जाताना एक काम घेऊन जा. तुमच्या वस्तीतला सार्वजनिक नळ. तीस दिवस तोच नळ. सकाळी भांड्यांची रांग असताना, दुपारी कोरडा असताना, रात्री दिव्याखाली. पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. पहिले दहा दिवस कंटाळा येईल. पंधराव्या दिवशी दिसायला लागेल की रांगेत शेवटचं भांडं रोज एकाच घराचं असतं. मग ते का, ते विचारायला जा. तिथं चित्र थांबतं आणि चळवळ सुरू होते. पण दिसलं कुणामुळं?

तीस चित्रं झाली की घेऊन या. पुढच्या शिबिरात भिंतीवर लावू, फ्रेम नको, चौकट नको, दोरीला चिमटे लावून. ज्यांच्या घरासमोरचा नळ आहे त्या बायकांना आधी बोलवू. चूक काय ते त्याच सांगतील.

जय भीम.